बालिगेचं ऊन

पातेल्यातले मासे काही केल्या उभे राहीनात. एकाला सरळ करावं तर दुसरा कलंडायचा, दुसऱ्याला टेकू द्यावा तर तिसरा त्याच्या अंगावर रेलायचा. बोनारच्या आईने चवळीच्या शेंगांची एक जुडी मधे खुपसली, गवती चहाचे दांडे दोन्ही कडांना ठासले आणि तिन्हींची तोंडं एका दिशेला आल्यावरच झाकण ठेवलं. लेकीला द्यायचा मासा आडवा पडलेला चालत नाही. तळ्यात पोहतो तसा ताठ हवा, खवल्यांसकट, डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा.

"एवढं कोण बघणार आहे तिथे?" पाट्यावर हळद वाटता वाटता तिआमा म्हणाली. तिआमा तिची नणंद. बोनारची आई लग्न होऊन या घरात आल्यापासून दोघी एकमेकींना नावाऐवजी नात्याने एडाच म्हणत आणि एडा म्हणूनच भांडत.

"मी बघणार आहे," बोनारची आई म्हणाली.

"मानाहान बाहेर येऊन बसलाय. कॉफीत साखर तिसऱ्यांदा घातली त्याने. म्हणजे बोलणार आहे."

"बोलू दे. मासा आटायला अजून वेळ आहे."

रुमोंदांगला सातवा महिना लागला होता. लेकीला सातवा लागला की आईने आर्सिक, म्हणजे मसाल्यात आटवलेला मासा, रांधून तिच्या घरी न्यायचा आणि आपल्या हाताने तिच्या पुढ्यात ठेवायचा, ही गोष्ट बटाक जमातीच्या घरात कुणाला शिकवावी लागत नाही. पण रुमोंदांगच्या आधीच्या दोन खेपा सातव्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. दोन्ही वेळा आई फोनवर होती, आणि फोनवरून डोक्यावरून हात फिरवता येत नाही. आता तिसरी खेप. परवा पोरगी आईला म्हणाली होती, "इनांग, माशाचा नुसता फोटो पाठव, मला पुरेल." फोन ठेवण्यापूर्वी तिचा आवाज बारीक झाला. "खरं सांगू? तू ये." त्यानंतर बोनारच्या आईच्या मनात काही ठरवायचं उरलंच नव्हतं. बाकीच्यांना ते कळायचं होतं, एवढंच.

पुढच्या खोलीत चटईवर मानाहान भिंतीला टेकून बसला होता. बोनारच्या वडिलांचा धाकटा भाऊ, आणि थोरला गेल्यापासून घराण्यातला शेवटचा शब्द त्याचा. त्याच्या बाजूला बोनार मोबाइलमध्ये नकाशा उघडून बसलेला, आणि दाराशी बोनारची बायको मेस्तिका, नेहमीसारखी गप्प.

"वहिनी, बसा," मानाहान म्हणाला. "मासा कुणाच्या पुढ्यात ठेवणार आहात?"

"लेकीच्या."

"आणि तिच्या शेजारी कोण बसणार? ज्याला कूळ नाही तो?"

"तो जावई आहे आपला. एलियासला कूळ आहे की. त्याच्या गावचं आहे."

"आपल्या कुळात घेतलंय का त्याला? आपल्या अंगणात उभा राहिला का तो कधी? लग्न तिकडेच लागलं, तिकडच्या चर्चमध्ये. मला कोणी विचारलं? कोट शिवून ठेवला होता मी. आणि आलं काय, तर मोबाइलवर फोटो! सख्ख्या काकाला फोटो!"

रुमोंदांग लहान असताना याच काकाच्या खांद्यावर बसून बाजारात जायची, ते सगळ्यांना आठवत होतं. त्यालाही आठवत होतं, म्हणून तर आवाज चढला होता.

बोनारने घसा साफ केला. "काकांचं राहू दे, इनांग. तू अंतर तरी बघ. आपल्या सिलांगितच्या विमानतळाहून जकार्ता साडेबाराशे किलोमीटर. जकार्ताहून रुमोंदांगचं सेंतानी पावणेचार हजारांच्या वर. पाच हजार झाले! अगं, चीनची राजधानी इथून याहून जवळ आहे."

"चीनमध्ये माझं कोण आहे?"

तिआमा आतून खुदकन हसली.

"हसू नका, आत्या. दोन विमानं आहेत. पहिलं दोन तासांचं, मग जकार्ताला ताटकळायचं, मग दुसरं पाच-साडेपाच तासांचं, आणि तेही समुद्रावरून! तिथलं घड्याळ पुन्हा दोन तास पुढे. झोपेचं खोबरं. आईचे गुडघे बघितलेत का?"

"विमान मी गुडघ्यांनी चालवणार नाहीये," ती म्हणाली.

"मी काळजीने बोलतोय."

तेव्हा मेस्तिका बोलली. ती इतकी क्वचित बोलायची की तिने तोंड उघडलं की सगळे आपसूक गप्प व्हायचे. "काळजीच असेल. पण मग गेल्या वर्षी जकार्ताच्या लग्नाला तुम्ही बसने का गेलात? तीन दिवस?"

बोनारचे कान लाल झाले. "सामान जास्त होतं."

"एक पिशवी होती. विमान नुसतं डोक्यावरून गेलं तरी तुम्ही खाली वाकता." ती सासूकडे वळली. "इनांग, मी तिकिटं काढली आहेत. आज दुपारची. दोन."

"तू येतेस?" बोनारच्या आईने विचारलं.

"मी नाही. मामंजी असते तर ते आले असते. त्यांच्या जागी थोरल्या मुलाने जायचं असतं ना?"

बोनारने काकाकडे पाहिलं, काकाने छताकडे. बोनारच्या आईला सुनेचा एवढा अभिमान वाटला की तिला मासा बघायचं निमित्त करून आत जावं लागलं.

ती परत आली तेव्हा मानाहान उठून उभा होता. "ठीक आहे. मी नाही म्हणत नाही. नाही म्हटलं तर उद्या सगळं बालिगे म्हणेल, काकाने पोरीचा मासा अडवला. पण रीत ती रीत. सूर्य चढता असेल तोवरच लेकीला मासा द्यायचा. चढत्या उन्हातला आशीर्वाद चढतो, कलत्या उन्हातला कलतो. माझ्या बापाने हेच सांगितलं, त्याच्या बापाने हेच. सूर्य डोक्यावरून कलल्यावर ठेवलात, तर तो आशीर्वाद नाही, वहिनी. तो नुसता डबा."

डबा. हा शब्द तिला लागला. दोन खेपा गमावलेल्या पोरीसाठी पाच हजार किलोमीटर डबा घेऊन जायचा?

"विमान सकाळी सातला उतरतं," मेस्तिका हळूच म्हणाली. "घर तिथून जवळच आहे."

"विमानाचा काय भरवसा," मानाहान म्हणाला.

तिआमा हात पुसत बाहेर आली. आतापर्यंत ती भावाच्या बाजूने होती. सकाळीच तिने एडाला दोनदा सांगून पाहिलं होतं की वादात पडू नकोस. "मानाहान, मला सातवा लागला तेव्हा मी सामोसिरला होते. तळ्याच्या पलीकडे. आई मासा घेऊन आली, आठवतं? लाटा एवढाल्या होत्या की होडीवाल्याने नाही म्हटलं होतं. मग होडी कुणी वल्हवली?"

मानाहानने खाली वाकून कॉफीचा कप उचलला.

"तूच ना? तेव्हा 'तळ्याचा काय भरवसा' असं नाही म्हणालास." ती पाट्याकडे परत गेली. "एडा, दुपारचं विमान आहे तर आंदालिमान अजून टाक. दोन दिवस टिकायला हवा मासा."

तिरफळासारखं जीभ झणाणून सोडणारं आंदालिमान मूठभर पडलं. पाणी पार आटलं, मसाला खवल्यांना धरून बसला, आणि तिन्ही मासे उभेच राहिले. बोनारच्या आईने ते केळीच्या पानात, मग वेताच्या पसरट टोपलीत ठेवले आणि वर स्वतःच्या हातांनी गाठ मारली. नवऱ्याचं घड्याळ मनगटावर बांधलं. ते तिला सैल व्हायचं, पण बोनारचे वडील गेल्यापासून लांब जायचं म्हटलं की ती ते बांधायचीच.

निघताना मानाहान अंगणात पाठमोरा उभा होता. तो वळला नाही. तिनेही हाक मारली नाही.

*

सिलांगितला तपासणीच्या बाईने टोपली उघडायला लावली. वासाने रांगेतली चार माणसं पुढे सरकली.

"रस्सा आहे का, आई? रस्सा नेता येत नाही."

"आर्सिकला रस्सा असता तर मी सकाळपासून चुलीपाशी कशाला बसले असते, पोरी?"

त्या बाईचं आडनावही बटाकच होतं. तिने सातवा महिना कुणाचा ते विचारलं आणि पानाची गाठ स्वतः पुन्हा बांधून दिली.

विमानात हवाईसुंदरी म्हणाली की टोपली पुढच्या सीटखाली, पायाशी ठेवा. बोनारच्या आईने ठाम मान हलवली. मासा पायाशी नाही. डोक्यावर चालेल. तिने बोनारला उभं करून टोपली वरच्या कप्प्यात सरळ ठेवायला लावली आणि दोन्ही बाजूंनी त्याचं जाकीट ठासायला लावलं. विमान धावपट्टीवर पळायला लागलं तसा बोनारने डोळे मिटून आईचा हात धरला. एवढा घट्ट त्याने तो शाळेच्या पहिल्या दिवशीही धरला नव्हता.

"अजून किती?" त्याने विचारलं.

"अजून उडालं नाही," ती म्हणाली.

तिला भीती वाटली नाही असं नाही. जमीन सुटली तेव्हा तिने खिडकीकडे पाहणं टाळलं. पण पोटात एकदा दुसरी काळजी बसली की भीतीला तिथे फार जागा उरत नाही.

जकार्तापर्यंत सगळं वेळेवर होतं. तिथे मात्र माशी शिंकली. सेंतानीच्या विमानात काही बिघाड निघाला, दुसरं विमान येईपर्यंत थांबा म्हणाले. माणसं चिडली, काही काउंटरवर जाऊन ओरडली, काही खुर्च्यांवर आडवी झाली. बोनारची आई टोपली मांडीवर घेऊन ताठ बसून राहिली. बोनार घिरट्या घालत हिशोब करत होता. आता निघालं तर पोचतोच. आता निघालं तरी पोचू. आता निघालं तर जेमतेम. शेवटी तो बाकावर येऊन बसला.

"हॉटेल बघू का?" थोड्या वेळाने तो म्हणाला. "पुढच्या रात्रीच्या विमानाने गेलो तर सकाळी सातलाच उतरू. सूर्य चढता मिळेल."

"तोवर मासा टिकला तर. आणि त्या विमानातही बिघाड झाला तर?" ती म्हणाली. "हे विमान कधीही निघू दे, आपण त्यात बसायचं. पुढचं पुढे."

बोनारने आईकडे नीट पाहिलं. मग उठून त्याने तिच्यासाठी गरम पाणी आणलं. त्यानंतर त्याने हिशोब केला नाही, आणि दुसऱ्या विमानात डोळेही मिटले नाहीत.

*

एलियासचं घर तळ्याच्या काठाला, पाण्यात रोवलेल्या खांबांवर. गाडीतून उतरून लाकडी पुलावरून चालताना बोनारच्या आईला क्षणभर वाटलं, आपण घरच्या टोबा तळ्याच्याच काठाला आहोत. तेच पाणी, तेच डोंगर, फक्त डोंगर चुकीच्या बाजूला. मग तिने पायाशी पाहिलं. कठड्याची सावली आखूड होती, आणि ती उगवतीकडे सरकू लागली होती.

बोनारच्या मोबाइलने आपोआप इथली वेळ धरली होती. साडेबारा वाजून गेले होते. त्याने तो गुपचूप खिशात टाकला.

रुमोंदांग दारातच उभी होती. पोट चांगलं दिसत होतं, चेहरा मात्र ओढलेला. आईला पाहून ती हसली आणि हसता हसताच रडायला लागली. बोनारच्या आईने टोपली बोनारच्या हातात दिली, आधी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग पाठीवरून, मग पोटावरून. फोनवर जे दोनदा राहून गेलं होतं ते करून घेतलं. आत चटया अंथरल्या होत्या. एलियासची आई सकाळपासून जेवणासाठी सागूची खळीसारखी लापशी घोटून बसली होती. एलियास इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या मागे, भिंतीला लागून उभा. आपण कुठे बसायचं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं कुणाला हेही त्याला कळत नव्हतं.

"बसा, जेवून घेऊ," रुमोंदांग म्हणाली. तिने एकदा बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. तीही बालिगेचीच पोर, रीत तिला माहीत होती. "वहिनीचा फोन आला होता. काका काय म्हणाले ते सांगितलं तिने. जाऊ दे, इनांग. डबा तर डबा. तू आलीस ना."

बोनारची आई उभीच राहिली.

"मी डबा घेऊन आले नाही," ती म्हणाली.

"इनांग, सूर्य कलला," बोनार हळू आवाजात म्हणाला. "आपल्या हातात होतं तेवढं केलं."

तिने मनगट वर करून घड्याळ पाहिलं. त्यातली वेळ कुणी बदलली नव्हती. साडेदहा. या वेळेला बालिगेत तिच्या छपराची सावली अजून विहिरीकडे पडलेली असते, आणि कोंबड्या त्या सावलीत बसतात. रोज पहाटे ती रुमोंदांगला फोन लावायची तेव्हा बालिगेत अंधार असायचा, आणि पोरगी मात्र धुणं वाळत घालून मोकळी झालेली असायची. दोघींचं ऊन कधी एक नव्हतंच.

"कुठला सूर्य कलला?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"मासा बालिगेचा. देणारी मी, बालिगेची. मग ऊन देणाऱ्याच्या घरावरचं बघायचं, की घेणाऱ्याच्या?"

बोनारने डोकं खाजवलं. "असं कधी कुणी विचारलेलं नाही. पूर्वी पाच हजार किलोमीटरवर लेकी दिल्या होत्या कुणी?"

"म्हणूनच विचारायचं. लाव फोन."

"कुणाला?"

"तुझ्या काकाला. रीत त्याच्याकडे आहे ना?"

"ते नाही म्हणतील, इनांग," रुमोंदांग घाबरून म्हणाली. "आणि एकदा नाही म्हटलं की मग काही करता येणार नाही. नको विचारूस. तसाच दे."

चोरून दिलेला आशीर्वाद पोरीला पुरला असता. आईला पुरला नसता. "लाव," ती म्हणाली.

फोन तिआमाने उचलला. पडद्यावर आधी तिचं नाक, मग छप्पर, मग पुन्हा नाक दिसलं. "पोचलीस, एडा? मासा उभा आहे ना?"

"उभा आहे. भावजींना दे."

मानाहानचा चेहरा आला. तो दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बसला होता. सकाळपासून फोनपाशीच असावा, पण तसं दाखवायचं नव्हतं. "पोचलात?"

"पोचलो. विमानाला उशीर झाला. इथे सूर्य कललाय, भावजी."

मानाहानने फोन डोळ्यांजवळ नेला. डबा हा शब्द त्याच्या ओठांवर असेल तर तो आताच येणार होता. रुमोंदांगने आईची बाही मुठीत धरली.

"लग्नाच्या वेळी तुम्हाला विचारलं नव्हतं," बोनारची आई म्हणाली. "आज विचारते. अंगणात जा आणि बघून सांगा, आपल्या घरावर सूर्य कुठे आहे?"

मानाहान उठला. फोन त्याच्या हातात वाकडातिकडा झाला, पायऱ्या दिसल्या, रबरी चपला दिसल्या, एक कोंबडी आरडत बाजूला झाली. मग अंगण. त्याने फोन तिआमाकडे दिला आणि कपाळावर हात धरून वर पाहिलं. त्याची सावली विहिरीच्या बाजूला पडली होती. सूर्य बघायला एवढा वेळ लागत नाही. पण तो बघतच राहिला, आणि इकडे सेंतानीत कुणी हललं नाही.

"काका," रुमोंदांग म्हणाली. एवढंच.

मानाहानने हात खाली घेतला. "चढतोय," तो म्हणाला. मग त्याला ते फारच हळू वाटलं असावं. घराण्यातली माणसं जमली की ज्या आवाजात बोलायचा, त्या आवाजात तो पुन्हा म्हणाला, "चढतोय अजून! माशाचं तोंड तिच्याकडे करा. आणि तो जावई मागे भिंतीला का टेकवून ठेवलाय? तिच्या शेजारी बसवा त्याला. मासा दोघांच्या पुढ्यात ठेवायचा असतो, एकटीच्या नाही."

बोनारने एलियासला दंडाला धरून पुढे आणलं आणि चटईवर बसवलं. एलियास बसला, पण गुडघे कुठे ठेवावेत हे त्याला सुचेना. रुमोंदांगने त्याचा हात ओढून आपल्या हातात घेतला.

बोनारच्या आईने पानाची गाठ सोडली. तिन्ही मासे ताठ होते, एका रांगेत, एका दिशेला. आंदालिमानचा वास खोलीभर पसरला तशी एलियासची आई शिंकली आणि सगळे हसले.

"सतरा लेक होवोत, सोळा लेकी होवोत," अंगणातून मानाहान म्हणू लागला, पूर्वापार म्हणतात तसं, ठासून.

"आधी हे एक तर सुखरूप येऊ दे," फोनमागून तिआमा म्हणाली.

"तू मधे बोलू नकोस. फोन सरळ धर."

बोनारच्या आईने पहिला घास डोक्याजवळचा काढला. काटे बोटांनी चाचपून बाजूला केले, आणि तो रुमोंदांगच्या तोंडाशी नेला. पोरीने घास घेतला आणि डोळे मिटून चावत राहिली. मग दुसरा घास तिने जावयाला भरवला.

पडद्यावर मानाहान भर उन्हात तसाच उभा होता. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"खाल्ला का तिने?" त्याने विचारलं.

"खाल्ला, भावजी."

"त्याने?"

"त्यानेही."

"बरं," मानाहान म्हणाला. "मग आता मी सावलीत जातो."